उत्तरायुष्यातील अर्धे मैदान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विद्वान वक्त्यांच्या पंक्तीत संयोजकांनी मला स्थान दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझा पिंड व्याख्यात्याचा नाही. सांगलीच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे हळदीची अडत केली. बोलणे झाले ते सौद्यापुरते आणि लिहिणे झाले ते वहीखात्यापुरते. संयोजकांनी मला 'उतारवयातील आरोग्य' असा विषय दिला होता. तो वैद्यांचा विषय आहे. त्यातील जो एक कोपरा मी गेली नऊ वर्षे रोज सकाळी पाहतो आहे, तेवढ्यावरच बोलण्याची परवानगी मी मागून घेतली. तो कोपरा म्हणजे बॅडमिंटनचे मैदान.

प्रथम 'अर्धनिवृत्ती' या शब्दाविषयी बोलतो. नोकरदार माणसाला निवृत्तीची तारीख ठाऊक असते. त्या दिवशी निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, चार भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून तो मोकळा होतो. व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला, वैद्याला, वकिलाला अशी तारीख कोणी देत नाही. मुलगा हाताशी येतो, हळूहळू कारभार पाहू लागतो, आणि एके दिवशी लक्षात येते की आपण अर्धे आत आहोत आणि अर्धे बाहेर. दुकान मुलाचे झालेले असते, पण गादीवर अजून वडील बसलेले असतात. ग्राहकाने भाव विचारला की दोघेही एकदम उत्तर देतात, आणि कधी कधी दोन उत्तरे निराळी असतात. ग्राहक हसून निघून जातो. बाप-लेक मात्र संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. हे चित्र आपल्यापैकी किती घरांतील आहे, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.

मी बासष्टाव्या वर्षी पेढीच्या चाव्या मुलाच्या हाती दिल्या. त्यानंतर काही दिवसांनी तो मला म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही सकाळी आला नाहीत तरी चालेल." किती साधे वाक्य आहे! त्यात वडिलांना विश्रांती मिळावी हा प्रेमभाव आहे. परंतु ज्याने चाळीस वर्षे रोज सकाळी पेढी उघडली, त्याला त्या वाक्यात 'आपल्यावाचून चालते' एवढेच ऐकू येते. उतारवयातील अस्वस्थतेचे मूळ पुष्कळदा गुडघ्यात किंवा रक्तातील साखरेत नसून या 'चालेल' शब्दात असते, असे माझे मत आहे. पैसा असतो, घर असते, नातवंडे असतात. पण सकाळी उठून जाण्यासारखे ठिकाण आणि आपली वाट पाहणारी चार माणसे नसतात.

मला ते ठिकाण बॅडमिंटनने दिले. तरुणपणी महाविद्यालयात थोडेफार खेळलो होतो. पुढे व्यवसायाच्या व्यापात रॅकेट माळ्यावर गेली. ती खाली आली ती या वळणावर. घराजवळच्या क्रीडासंकुलात सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत आम्ही आठजण जमतो. त्यात एक निवृत्त शिक्षक, एक औषधविक्रेते, दोन बागायतदार, एक बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आणि आम्ही तिघे व्यापारी. दुपारी मी दोन-तीन तास पेढीवर बसतो. दिवसाचा पहिला भाग माझा आणि दुसरा पेढीचा, अशी वाटणी आता पक्की झाली आहे.

या खेळाशी आपल्या महाराष्ट्राचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' याच नावाने ओळखत. १८७३ च्या सुमारास त्याचे नियम पुण्यातच प्रथम लिहिले गेले. हेच अधिकारी मायदेशी परतताना खेळ बरोबर घेऊन गेले आणि तेथील ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या 'बॅडमिंटन हाऊस' या वाड्यावरून त्याला आजचे नाव पडले. १८९९ पासून ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकांचे स्थान मिळाले.

सांगलीकरांना तर अभिमानाचे आणखी एक कारण आहे. नंदू नाटेकर यांचा जन्म १९३३ साली सांगलीत झाला. प्रारंभी ते टेनिस खेळत. कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाल्यावर त्यांनी टेनिस सोडून बॅडमिंटनवर लक्ष केंद्रित केले. १९५४ साली ते ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले. १९५६ साली क्वालालंपूर येथील सेलांगोर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांना मिळाला. २०२१ साली वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा खेळ ज्यांनी पाहिला ते त्यांच्या मनगटाच्या नजाकतीविषयी आणि जाळ्याजवळच्या हळुवार फटक्यांविषयी बोलत. आमच्यासारख्या वयस्कांना त्यांच्यापासून घेण्यासारखे हेच आहे. बळ ओसरते, पण शटल नेमके कोठे टाकावे ही जाण वयाबरोबर वाढू शकते.

आता हा खेळ उतारवयात का मानवतो, ते पाहू. मैदान मोठे नसते. दुहेरीसाठी लांबी ४४ फूट आणि रुंदी २० फूट, मधोमध पाच फूट उंचीचे जाळे. दुहेरीत प्रत्येकाच्या वाट्याला त्यातील थोडीच जागा येते. शटलचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे ते लागून मोठी इजा होण्याचा संभव डोळा सोडल्यास फारसा नाही. चार पावले पुढे, दोन मागे, मान वर, हात वर, क्षणात वाकणे आणि क्षणात सावरणे, असा सर्वांगाचा व्यायाम यात घडतो. शिवाय शटल कोठे येईल याचा अंदाज सतत घ्यावा लागत असल्याने नजर, हात आणि बुद्धी एकाच वेळी जागी राहतात. चालण्याचा व्यायाम उत्तमच आहे. पण चालताना मनात उधारीचे हिशेब चालू राहू शकतात. खेळताना ते शक्य नसते.

शास्त्रज्ञांनीही या गोष्टीचा अभ्यास केला आहे. इंग्लंड व स्कॉटलंडमधील ८०,३०६ प्रौढांच्या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यात रॅकेटचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये, ते न खेळणाऱ्यांच्या तुलनेत, अभ्यासाच्या काळातील मृत्यूचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात सुमारे साडेआठ हजार लोकांचा पंचवीस वर्षांपर्यंत मागोवा घेण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. बैठे जीवन जगणाऱ्यांपेक्षा टेनिस खेळणारे सरासरीने ९.७ वर्षे, बॅडमिंटन खेळणारे ६.२ वर्षे, सायकल चालवणारे ३.७ वर्षे, तर व्यायामशाळेत जाणारे १.५ वर्षे अधिक जगले, असे त्यात दिसले.

व्यापारी माणूस आकडा पाहिला की आधी वजनकाटा तपासतो. म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. या अभ्यासांवरून खेळानेच आयुष्य वाढले असे सिद्ध होत नाही; ज्यांची प्रकृती मुळात चांगली आणि घरची स्थिती बरी, तेच असे खेळ अधिक खेळत असतील, हीही शक्यता आहे. परंतु ज्या खेळांना दुसरा माणूस लागतो, तेच या यादीत वर का आहेत, हा विचार कोपनहेगनच्या संशोधकांनीही मांडला आणि माणसांचा सहवास हे त्याचे एक कारण असू शकेल असे म्हटले. ही गोष्ट मला पटते. मी एखाद्या सकाळी गेलो नाही, तर सव्वासातला घरी दूरध्वनी येतो, "शेठ, आज कुठे?" व्यायामशाळेतील यंत्र असे विचारत नाही.

आपल्या समाजातील अनेकांच्या मनात येथे एक प्रश्न येईल आणि तो योग्यच आहे. स्पर्धांत वापरले जाणारे शटल पाळीव हंस किंवा बदक यांच्या सोळा पिसांचे असते. पूर्वी रॅकेटची तारही प्राण्यांच्या आतड्यांपासून करीत. तारेचा प्रश्न आता उरलेला नाही. आजच्या तारा बहुतेक सर्व नायलॉनच्या किंवा तत्सम कृत्रिम धाग्याच्या असतात. शटलही नायलॉनचे मिळते आणि खेळाच्या नियमांना कृत्रिम साहित्याचे शटल मान्य आहे. आमच्या गटात पहिल्या दिवसापासून नायलॉनचेच शटल वापरले जाते. काही मित्रांनी प्रथम कुरकुर केली की पिसांच्या शटलची चाल निराळी, आणि ते खरेही आहे. पण नायलॉनचे शटल कितीतरी अधिक काळ टिकते आणि खर्चही वाचतो, हे ध्यानात आल्यावर कुरकुर आपोआप थांबली. त्याच्या बुडाशी असलेल्या पट्टीचा रंग पाहून घ्यावा. हिरवी पट्टी संथ, निळी मध्यम आणि लाल जलद. उन्हाळ्यात हवा विरळ होऊन शटल अधिक लांब जाते, म्हणून तेव्हा हिरव्या पट्टीचे घ्यावे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. पन्नाशी-साठी उलटल्यावर एकेरी सोडून दुहेरी खेळावे, हे सर्वच जाणकार सांगतात. दम आणि गुडघे वाचतात हे त्याचे उघड कारण. परंतु दुहेरीत एक शिकवणही दडलेली आहे. आपली बाजू आक्रमण करीत असताना एक खेळाडू पुढे जाळ्याजवळ राहतो आणि दुसरा मागे. मागच्याने धावायचे, उंच उडायचे, जोराचा फटका मारायचा. पुढच्याने जाळ्यापाशी उभे राहून, अर्धवट परतलेले शटल अलगद टिपायचे. साहजिकच तरुण गडी मागे आणि वयस्क पुढे, अशी जोडी जमते. या पुढच्या खेळाडूला एक नियम पहिल्या दिवशीच सांगितला जातो. मागे वळून पाहायचे नाही. एक तर शटल थेट डोळ्यावर येण्याचा धोका. आणि दुसरे असे की, वळून पाहण्यात जो क्षण जातो, त्यातच समोरचा गुण घेऊन जातो. मागे जोडीदार आहे, तो आपले काम करील, या भरवशावर नजर पुढे ठेवायची.

हा भरवसा सोपा नसतो. पहिले काही महिने माझी मान सारखी मागे वळे. डोक्यावरून गेलेले प्रत्येक शटल आपलेच आहे असे वाटे. आमच्यातील शिक्षक मित्र शांतपणे म्हणत, "शेठ, ते त्याचे आहे. तुम्ही तुमचे बघा." हे वाक्य मी मैदानावर किती वेळा ऐकले असेल कोण जाणे, पण एके दिवशी पेढीवर मुलगा दूरध्वनीवर एका जुन्या खरेदीदाराशी दर ठरवीत होता, मी मध्ये बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि तेच शब्द कानात वाजले. मी गप्प राहिलो. सौदा झाला. मी ठरवला असता त्याहून दोन पैसे कमी आले असतील, कदाचित अधिकही आले असतील. पण तो त्याचा सौदा होता.

अर्धनिवृत्तीत वडिलांनी काहीच करू नये, असा याचा अर्थ नाही. दुहेरीत पुढच्या खेळाडूविना जोडी जिंकत नाही. जुन्या शेतकऱ्यांशी असलेले संबंध, कोणाला किती उधारी द्यावी याची पारख, माल हातात घेताच त्याचा कस ओळखणे, तंटा उभा राहिला तर दोन शब्दांत मिटवणे, ही जाळ्याजवळची कामे आहेत आणि ती अनुभवी माणसालाच साधतात. संगणकावरचे हिशेब, लांबच्या बाजारपेठा, कराची विवरणपत्रे हे मागचे मैदान आहे, ते तरुणांचे. शटल मधोमध आले की 'माझे' किंवा 'तुझे' असे मोठ्याने सांगायची दुहेरीत पद्धत आहे. आमच्या घरीही आता ती आहे. कोणते काम कोणाचे, हे आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी बसून बोलतो. न बोलता सोडलेले शटल दोघांच्या मध्ये पडते, घरातही आणि मैदानातही.

भगिनींना माझे बोलणे एकांगी वाटेल. पुरुषाला निदान अर्धी निवृत्ती तरी मिळते; स्वयंपाकघरातून निवृत्ती कोणाला मिळाली आहे? साठीच्या पुढेही सकाळचा चहा, नातवंडांचे डबे आणि घरातील आल्यागेल्याचे सर्व त्यांच्याकडेच असते. आमच्या सौभाग्यवतींनी तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न मला थेट विचारला आणि त्याचे उत्तर म्हणून त्याही खेळू लागल्या. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार वाजता, सहा भगिनींचा गट जमतो. त्या तीन दिवशी सकाळचे डबे मी आणि सूनबाई मिळून भरतो. ज्या घरातील कर्ता पुरुष खेळायला जातो, त्या घरातील गृहिणीलाही तितकाच मोकळा वेळ मिळाला पाहिजे. अन्यथा त्याच्या आनंदाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो.

काही पथ्ये सांगणे माझे कर्तव्य आहे. बॅडमिंटन हा दिसतो तितका सौम्य खेळ नव्हे. त्यात एकदम धावावे आणि एकदम थांबावे लागते. चाळिशीनंतर नव्याने किंवा मोठ्या खंडानंतर खेळणाऱ्याने आधी आपल्या डॉक्टरांकडून हृदय, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. प्रारंभी दहा मिनिटे चालून आणि सांधे हलवून शरीर ऊबदार करावे. टाचेमागील शिरेला आणि पोटरीला हळूहळू ताण द्यावा, कारण या वयात तीच शीर दगा देते. रबरी तळव्यांचे, या खेळासाठीचेच बूट वापरावेत. धावण्याच्या उंच बुटांत पाय मुरगळतो. खेळताना सोबत्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच दम लागू द्यावा. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणे, चक्कर येणे यांपैकी काहीही जाणवले तर गुण कितीही झालेले असोत, खेळ तत्क्षणी थांबवून डॉक्टरांकडे जावे. उपवासाच्या दिवशी, विशेषतः निर्जळी उपवासात, मैदानावर यावे ते पाहण्यासाठी; खेळण्यासाठी नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे आणि पासष्टीपुढील व्यक्तींनी त्यात आठवड्यातून तीन दिवस तोल व बळ सांभाळणाऱ्या हालचालींची भर घालावी, असे म्हटले आहे. रोज पाऊण तास, आठवड्यातून चार-पाच दिवस एवढे खेळले तरी या व्यायामाचा मोठा भाग साधतो. ज्यांना स्पर्धेची आवड आहे त्यांच्यासाठी पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांच्या वयोगटांत जागतिक ज्येष्ठ स्पर्धा २००३ पासून भरतात. २०१७ ची स्पर्धा आपल्या देशात, कोची येथे झाली. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. आमची स्पर्धा रोजची; हरणाऱ्या जोडीने सर्वांना चहा द्यायचा. चाळीस वर्षे नफा-तोट्याच्या हिशेबात गेलेल्या माणसाला, हरल्यावर हसत चहा देणे हेही शिकावेच लागते.

शेवटी आमच्या शिक्षक मित्रांविषयी सांगतो. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यामुळे त्यांना खेळ थांबवावा लागला. आम्हाला वाटले, आता ते यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले, जाळ्याच्या बाजूला खुर्ची मांडली आणि गुण मोजू लागले. आता आमचे पंच तेच. कोणाचे शटल रेषेबाहेर पडले यावर वाद झाला तर त्यांचा शब्द अखेरचा. खेळातूनही एक दिवस निवृत्त व्हावे लागते आणि ते कसे व्हावे, हे त्यांनी आम्हाला न बोलता दाखवले. मैदान सुटले तरी सोबत सुटू दिली नाही.

विश्वस्त मंडळाला माझी एकच नम्र विनंती आहे. आपल्या वास्तूमागील मोकळ्या पटांगणात ४४ बाय २० फुटांच्या रेषा आखण्याला आणि दोन खांब रोवण्याला फार खर्च येणार नाही. सकाळी लवकर वारा पडलेला असतो, तेव्हा नायलॉनच्या शटलने तेथे उत्तम खेळता येईल. पहिले जाळे, चार रॅकेट आणि वर्षभराची शटले देण्याची जबाबदारी मी आज आपल्यासमोर स्वीकारतो. ज्यांच्या घरी कोणी 'आता तुम्ही आला नाहीत तरी चालेल' असे म्हटले असेल, त्यांनी तेथे अवश्य यावे. तेथे आल्याशिवाय चालणार नाही, कारण चौथ्या गड्यावाचून दुहेरी होत नाही.